पृथ्वी कललेली नसती तर



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा बोनस, वेतनमंडळ किंवा नवी कामगार संहिता यांपैकी काहीतरी त्यांच्या मनात असावे. आम्ही ग्रहांचा विषय सांगितल्यावर ते क्षणभर थांबले. साखर कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहून ज्याचा जन्म गेला, त्याचा मंगळाशी आणि शुक्राशी संबंध तो काय, आणि तोही पत्रिकेतला नव्हे, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

संबंध आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढे जे काही झाले ते वाचनालयांच्या बाकांवर. आपल्या या शहरात १८३८ पासून जिल्हा वाचनालय आहे, आणि आमच्यासारख्या माणसाला तेच कॉलेज. तिथल्या खगोलाच्या पुस्तकांत एक गमतीचा खेळ असतो. पृथ्वीचा आस कललेला नसता तर? दिवस लांब असता तर? चंद्र नसता तर? आणि लेखक सांगतो की, तसे झाले असते तर जीवसृष्टीवर असा असा परिणाम झाला असता. वाचताना आम्हांला नेहमी पुढचा प्रश्न पडे. जीवसृष्टी म्हणजे कोण? तिच्यात उन्हात उभा असलेला कोण आणि छपराखाली बसलेला कोण? ग्रहाची परिस्थिती बदलली की ती सर्वांवर सारखी पडते, असे पुस्तकात गृहीत धरलेले असते. आमचा अनुभव निराळा आहे. आज आपल्यापुढे तो मांडावा आणि मधूनमधून पुस्तकातला खेळही खेळावा, असा विचार आहे.

प्रथम एक समजूत बाजूला करू. मे महिन्यात अंगाची लाही होते, तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली असावी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती सूर्याला सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण घोंगडी पांघरून शेकोटीशी बसलेलो असतो तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते १५ कोटी २१ लाख होते. पन्नास लाख किलोमीटरचा हा फरक ऐकायला मोठा, पण आपल्या उन्हाळ्या-हिवाळ्याचे कारण तो नव्हे.

अंतराला महत्त्व नाही असेही नाही. शुक्र आपल्याहून सूर्याला जवळ आहे. पण त्याच्या पृष्ठभागावर साडेचारशे अंशांहून अधिक उष्णता आहे, शिसे ठेवले तर वितळेल, त्याचे मुख्य कारण अंतर नसून त्याची हवा होय. ती जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड वायूची, आणि दाब आपल्या नव्वदपट. बुध तर सूर्याला त्याहून जवळ, पण हवेचे पांघरूण नसल्यामुळे शुक्राइतका तापत नाही. मंगळाकडे पाहिले तर तिथे हवा आपल्या शंभराव्या हिश्श्याहून कमी, आणि सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. आपली पृथ्वी मध्ये आहे. तिच्या हवेत उष्णता धरून ठेवणारे वायू मुळीच नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली अठरा अंश राहिले असते. ते आहे शून्यावर पंधरा. हे तेहतीस अंश म्हणजे आपले पांघरूण. त्याच्या जाडीविषयी शेवटी पुन्हा बोलावे लागेल.

गुरुत्वाकर्षणाविषयी फार बोलत नाही. मंगळावर वस्तूचे वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या अडतीस टक्के भरते. पंचवीस किलोची उसाची मोळी तिथे साडेनऊ किलोची होईल, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईची मान वाचेल. पण तिची मजुरी टनावर असते. मंगळावर टन कोणत्या काट्यावर मोजायचा याचा करार आधी करून घ्यावा लागेल, नाहीतर ती आहे तेवढीसुद्धा मजुरी हाती लागायची नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ, म्हणजे कलण्याकडे. पृथ्वीचा आस सरळ उभा नाही, साडेतेवीस अंशांनी, अगदी नेमके सांगायचे तर २३.४ अंशांनी कललेला आहे. एवढ्या कलण्यामुळे सूर्य आपल्याला उत्तरेकडे सरकताना दिसतो, मग दक्षिणेकडे. यामुळेच उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. हा कल शून्य असता, तर नगरला वर्षाचे ३६५ दिवस बारा तासांचा दिवस आणि बारा तासांची रात्र राहिली असती. सूर्य कधीच डोक्यावर आला नसता, नेहमी दक्षिणेला एकोणीस अंशांवरून गेला असता. पंचेचाळीस अंश असता, तर जूनमध्ये दिवस पावणेपंधरा तासांचा झाला असता आणि भर दुपारी सावली दक्षिणेला लांब पडली असती.

आता यात कामगाराचा प्रश्न कुठे आला? मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास काढून पाहा. मुंबई आणि नगर जवळजवळ एकाच अक्षांशावर, एकोणीस अंशांच्या किंचित वर आहेत. इथे सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. एकोणिसाव्या शतकात गिरणी सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद, असा शिरस्ता होता. तेव्हा मुंबईच्या कामगाराने किती तास राबावे, हे मालकाने ठरवले नव्हते आणि सरकारनेही नव्हते. ते पृथ्वीच्या कलण्याने ठरवले होते. डिसेंबरात त्याला दोन तासांची सूट आणि जूनमध्ये दोन तासांची सक्ती. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन पुढे केले. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे ही मागणी होती. सुरुवात घड्याळाने आणि शेवट सूर्याने! रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी पदरात पडली. सूर्यास्त मात्र फार काळ कामाला आला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्य मावळल्यावरही साचे चालू राहू लागले. चौदा-चौदा तास काम होऊ लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली, १९३४ च्या कायद्याने आठवड्याला ५४ तास, आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर त्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, हे आपणांस ठाऊकच आहे.

दिवसाची लांबी हीसुद्धा कायमची नव्हे. चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते, आणि त्या भरतीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे अतिशय सावकाश मंदावत जाते. अपोलोच्या यात्रिकांनी १९६९ पासून चंद्रावर आरसे ठेवले. त्यांवर लेसरचा किरण सोडून मोजल्यावर समजले की, चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटरने आपल्यापासून दूर जात आहे. तो दूर जातो आणि आपला दिवस लांबतो. १९६३ मध्ये जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने जुन्या प्रवाळांच्या अंगावरच्या बारीक रेघा मोजल्या. झाडाच्या खोडात वर्षाची वर्तुळे असतात, तशा प्रवाळाच्या अंगावर रोजच्या वाढीच्या रेघा असतात. सुमारे अडतीस-चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळात वर्षाच्या रेघा चारशेच्या आसपास भरल्या. वर्ष तेवढेच, दिवस चारशे. म्हणजे एक दिवस बावीस तासांचा. तेव्हापासून आजपर्यंत चंद्राने खेचून खेचून दिवसाला दोन तासांची भर घातली. मुंबईच्या मालकांनी तेवढेच दोन तास एका विजेच्या बटणाने कामगाराच्या दिवसातून काढून घेतले!

चंद्राविषयी आणखी एक सांगण्यासारखे आहे. पृथ्वीचा कल स्थिर नाही. साधारण एक्केचाळीस हजार वर्षांत तो बावीस अंशांपासून साडेचोवीस अंशांपर्यंत हेलकावा खातो. हेलकावा एवढ्यावरच राहतो तो चंद्राच्या ओढीमुळे, असे १९९३ मध्ये फ्रान्समधल्या लास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले. चंद्र नसता तर कल किती भटकला असता यावर विद्वानांचे पुढे मतभेद झाले, पण भटकला असता याबद्दल दुमत नाही. मंगळाला आपल्यासारखा भारदस्त चंद्र नाही. त्याचा कल आज पंचवीस अंश आहे, पण लाखो वर्षांच्या हिशेबात तो फार मोठे झोके घेतो. आपल्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ पंडित नेहरू बंदिवासात होते आणि तिथे त्यांनी भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या आरंभीच चंद्राचा उल्लेख आहे, तुरुंगातला सोबती म्हणून. सोबती तो सगळ्या पृथ्वीचाच आहे, पण तो हे एवढे काम करतो हे बंदिवानालाही दिसत नाही आणि बाहेरच्यालाही नाही.

तर मग दिवस थोडा निराळा असता तर काय झाले असते? माणसांनी हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला आहे. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेची दोन यंत्रे मंगळावर उतरली. ती सूर्यप्रकाशावर चालणारी असल्यामुळे मंगळाच्या दिवसात काम करीत आणि मंगळाच्या रात्री झोपत. कॅलिफोर्नियात पॅसाडिना येथे त्यांना हुकूम देणारी माणसेही मग मंगळाच्या वेळेवर कामाला येऊ लागली. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा आहे. म्हणजे आज सकाळी आठला पाळी, तर उद्या आठ एकोणचाळीसला, परवा सव्वानऊ-साडेनऊला. चोवीस-पंचवीस दिवसांत माणूस मध्यरात्री कामावर जाऊ लागतो. तिथल्या एका घड्याळजीने मंगळाच्या गतीने चालणारी मनगटी घड्याळे तयार करून दिली. खिडक्यांना काळे पडदे लावले. काही आठवड्यांत ती माणसे थकून गेली. शिकलेली माणसे, गारेगार खोलीत बसून करायचे काम, आणि तेही जगभर ज्याचे कौतुक होत होते असे. तरीही शरीर ऐकेना.

याचे कारण शरीराला पृथ्वीची सवय आहे. माणसाला सूर्य न दाखवता ठेवले, तर त्याचे आतले घड्याळ दिवसाला सरासरी चोवीस तास आणि दहा-अकरा मिनिटे चालते. रोज सकाळचा उजेड ते मिळवून घेतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. साखर कारखान्यात पाळ्या चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार अशा असतात. पाळी बदलली की आठ तासांची उडी. मंगळाची माणसे एकोणचाळीस मिनिटांनी हैराण झाली, आणि आमचा पॅनवरचा माणूस हंगामभर ठरावीक दिवसांनी आठ तासांची उडी मारतो. त्याला कोणी वेगळे घड्याळ करून दिले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, शरीराची लय मोडणारी रात्रपाळी कर्करोगाला बहुधा कारण होते, असे नोंदवून ठेवले आहे. हा कागद आम्ही वाटाघाटींत पुष्कळदा टेबलावर ठेवला. चहाचा कप ठेवायला त्याचा चांगला उपयोग झाला.

एकोणचाळीस मिनिटांवरून आठवले. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानची एकच वेळ ठरवली. मुंबईची सूर्यावरून चालणारी स्वतःची वेळ होती. नवी वेळ तिच्यापुढे बरोबर एकोणचाळीस मिनिटे होती. घड्याळ पुढे गेले म्हणजे कामगाराला तितक्या लवकर, अंधारात, घर सोडावे लागणार. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात हजारो गिरणी कामगार चिडून उठले, दगडफेक झाली. मुंबईच्या नगरपालिकेने तर जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी या कामगारांना अडाणी म्हटले असेल. पण ते जे म्हणत होते तेच शंभर वर्षांनी पॅसाडिनाच्या शास्त्रज्ञांनी सांगितले, आणि तेही अगदी तेवढ्याच मिनिटांबद्दल!

आता पावसाकडे वळू. हा आपल्या जिल्ह्याचा विषय आहे, आणि इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत.

पृथ्वी कललेली आहे म्हणून उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे येतो, जमीन तापते आणि पावसाचा पट्टा विषुववृत्तापासून उत्तरेकडे ओढला जातो. कल नसता तर तो पट्टा विषुववृत्ताशीच बसून राहिला असता. मृगही नाही आणि पेरणीही नाही. पृथ्वी फिरते म्हणून दक्षिणेकडून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्येकडून अरबी समुद्राचे पाणी घेऊन सह्याद्रीवर येतो. पृथ्वी उलटी फिरत असती तर? जर्मनीत हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये संगणकावर अशी उलटी पृथ्वी फिरवून पाहिली. तिथे सहाराचे वाळवंट हिरवे झाले आणि ब्राझील व अमेरिकेचा दक्षिण भाग वाळवंट झाला.

पण आपल्याला संगणकाची गरज नाही. आपल्या एका जिल्ह्यात दोन ग्रह आहेत. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे जा. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर या, पाथर्डी-जामखेडकडे, पाऊस पाचशे-सहाशे. सूर्य तोच, कल तोच, दिवस तेवढाच लांब, वारासुद्धा तोच. मध्ये फक्त एक डोंगर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यांतून पुढे सह्याद्री कोरला गेला, आणि त्याचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, ते आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीवर आहे. सारी पृथ्वी पावणेतेरा हजार किलोमीटर जाडीची. तिच्यावर दीड-पावणेदोन किलोमीटरचा हा उंचवटा म्हणजे फळ्यावरची खडूची रेघ. तेवढ्याने पावसाचे दहा वाटे होऊन नऊ पश्चिमेला राहतात आणि एक आपल्याकडे येतो.

या दोन ग्रहांमध्ये माणसांनी तिसरा ग्रह तयार केला. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. पहिल्या ग्रहावरचा पाऊस तिथे अडला आणि प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे गेला. त्या पाण्यावर ऊस आला, आणि उसावर कारखाने. आधी खाजगी, मग १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी कारखाना. यात शेतकऱ्याचे हित झाले हे आम्ही कधी नाकारले नाही. पण गव्हाणीत पडणारा ऊस तोडतो कोण? दुसऱ्या ग्रहावरचा माणूस. गर्भगिरीच्या डोंगरपट्ट्यात कालवा चढत नाही. दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीडमधल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवरा-बायकोने मिळून निघायचे. त्या जोडीला माणसांच्या हिशेबात दोन धरत नाहीत, एक कोयता म्हणतात. सहा महिने फडाच्या कडेला कोपीत राहायचे. पहिल्या ग्रहाच्या पावसावर वाढलेला ऊस दुसऱ्या ग्रहाच्या माणसाने तिसऱ्या ग्रहावर जाऊन तोडायचा, ही आपल्या जिल्ह्याची खगोलविद्या होय.

हे अलीकडचेच आहे असे कोणी समजू नये. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले, आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला आपल्या या खेड्याचे नाव मिळाले. श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद त्याच संस्कृतीचे मोठे गाव. १९७४ मध्ये तिथे काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास दायमाबाद ओस पडले. याच लोकांचे घोड नदीवरचे गाव इनामगाव, पुणे जिल्ह्यातले. तिथे उत्खननात गावाचा उतरता काळ पाहायला मिळाला. आधीची घरे चौकोनी, ऐसपैस. शेवटच्या काळात त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेला, शेती हटली आणि हे शेतकरी अर्धे भटके झाले, असा निष्कर्ष म. के. ढवळीकरांनी काढला. सर्व विद्वानांना तो मान्य नाही. आम्ही विद्वान नाही. पण चौकोनी घरातून निघून गोल कोपीत आलेला माणूस आम्ही दर दिवाळीला पाहतो, त्यामुळे आमचे मत ढवळीकरांच्या बाजूने झुकते.

पाऊस कमी का झाला असावा? इथे पुन्हा ग्रह येतो. पृथ्वीचा आस कललेला असून भोवऱ्यासारखा डुलतोही, साधारण सव्वीस हजार वर्षांत एक फेरा. त्यामुळे आज आपण सूर्याजवळ जातो ते जानेवारीत. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी जात होतो ते आपल्या उन्हाळ्यात. त्या काळी उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा सात-आठ टक्के अधिक ऊन मिळे. जमीन अधिक तापे, मोसमी वारा जोरात येई; सहारात गवत आणि तळी होती. मग पृथ्वी जशी डुलली तसा पाऊस हजारो वर्षांत हळूहळू ओसरला. दायमाबादच्या माणसाने कोणते पाप केले नव्हते.

पृथ्वीच्या कक्षेमुळे हवामान बदलते, हे गणित नीट मांडणारा पहिला माणूस कोण, हे सांगायचा मोह आम्हांला आवरत नाही. जेम्स क्रॉल, स्कॉटलंडचा. जन्म १८२१. शाळा जेमतेम. गिरण्यांची यंत्रे दुरुस्त केली, सुतारकाम केले, चहाचे दुकान काढले, विमा विकला. शेवटी १८५९ मध्ये ग्लासगोच्या एका विद्यालयात आणि संग्रहालयात तो रखवालदार लागला. झाडलोट झाली की तिथल्या ग्रंथालयात बसायचे. १८६४ मध्ये या रखवालदाराचा हिमयुगांवरचा निबंध छापून आला, आणि १८७६ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे सभासद करून घेतले. त्याच्या गणितात त्रुटी होत्या. त्या सर्बियाच्या मिलान्कोविच या इंजिनिअरने पुढे दूर केल्या. हा सिमेंट-काँक्रिटच्या बांधकामातला माणूस, आणि पहिल्या महायुद्धात स्थानबद्ध असताना बुडापेस्टच्या ग्रंथालयात बसून आकडेमोड करणारा. १९७६ मध्ये समुद्राच्या तळाचा गाळ तपासून त्यांचे म्हणणे खरे ठरले. क्रॉलला निवृत्तिवेतन मात्र तुटपुंजे मिळाले. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत येते. आम्ही ती दोनदा वाचली.

आता त्या पांघरुणाकडे येऊ. आस डुलायला हजारो वर्षे लागतात, चंद्राला दिवस लांबवायला कोट्यवधी. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र दोन-अडीचशे वर्षांत दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या वर गेला. त्याने पृथ्वीचे सरासरी तापमान एका अंशाहून अधिक वाढले. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ चा हिशेब काढला: मध्य भारतात दूरवर पसरणारा अतिवृष्टीचा पाऊस या काळात तिपटीने वाढला. पावसाची बेरीज वाढली नाही. पडतो तेव्हा कोसळतो, आणि मध्ये खंड पडतो. बाजरीच्या शेतकऱ्याला या दोन्हींचा उपयोग नाही.

आणि उष्णता. माणसाचे शरीर घामाने थंड होते, आणि घाम वाळला तरच थंड होते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले असता जे तापमान दिसते, ते पस्तीस अंशांवर गेले तर सावलीत निवांत बसलेला धडधाकट माणूससुद्धा काही तासांत मरेल, असे गणित होते. २०२२ मध्ये अमेरिकेत निरोगी तरुणांवर प्रयोग केले तेव्हा शरीराचा तोल त्याच्या पुष्कळ आधी, एकतीसच्या आसपास, सुटू लागतो असे दिसले. आणि ती माणसे ऊस तोडत नव्हती. उसाच्या फडात वारा लागत नाही, पाचटाने अंग कापते म्हणून अंगभर कपडे घालावे लागतात, आणि हंगाम लांबला की मार्च-एप्रिल गाठतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज केला की, २०३० साली उष्णतेमुळे जगात आठ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके कामाचे तास वाया जातील, आणि त्यांतल्या तीन कोटी चाळीस लाख एकट्या भारतात. नोकरी असलेल्या माणसाचा तास वाया गेला तर तो मालकाच्या खात्यावर जातो. टनावर तोडणाऱ्याचा तास वाया गेला तर तो त्याच्याच उचलीवर चढतो.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तेरावे कलम होते. कामाच्या खोलीत हवा खेळती असावी आणि कामगाराला बरे वाटेल इतपत तापमान राखावे, असे ते सांगे. त्या कलमाने बॉयलरजवळच्या माणसाला पंखा मिळवून देता आला, भांडून का होईना. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे. तिच्यावर वेगळे व्याख्यान लागेल. पण जुना कायदा असो की नवी संहिता, ज्याच्या कामाच्या खोलीला छप्परच नाही त्याचे तापमान कोणी राखायचे? आमच्या मागण्या साध्या आहेत. फडावर पिण्याचे पाणी आणि सावलीची ताडपत्री कारखान्याने पुरवावी. मार्चनंतर दुपारी अकरा ते चार तोड बंद ठेवावी, आणि त्या तासांची भरपाई दरात धरावी. गाडी रात्री-अपरात्री आली म्हणून भरायला उठवले, तर त्याचा निराळा दर असावा. या मागण्या ऐकून एका संचालकांनी आम्हांला विचारले होते की, ऊन काय कारखान्याने पाडले आहे? त्यांना दिलेले उत्तर म्हणजेच आजचे हे व्याख्यान, फक्त त्या वेळी ते पाच मिनिटांत द्यावे लागले होते.

जाता जाता एक काम सांगतो, मुलांना घेऊन करण्यासारखे. नगरच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पहिली वेळ मेच्या मध्यावर, सोळा तारखेच्या आसपास. सपाट गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. साडेबाराला दोन-तीन मिनिटे कमी असताना तिची सावली बुंध्यात शिरून नाहीशी होईल; पृथ्वी किती कलली आहे हे त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी दिसते. दुसरी वेळ जुलैच्या २६-२७ तारखेच्या सुमारास येते. तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते आणि काही दिसत नाही. त्या दिवशी लख्ख ऊन पडले आणि प्रयोग उत्तम साधला, तर पाथर्डीकडचे मुकादम उचलीच्या याद्या लवकर करायला घेतील.